विश्लेषण : धरणाकाठी पाणी विकत घ्यावे की बाटली घरून भरून न्यावी?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी असते. लिटरमध्ये मोजायचे तर हा आकडा ९३ हजार कोटींच्या पुढे जातो. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी पाहायला गर्दी होते आणि त्या गर्दीतल्या अनेकांच्या हातात वीस रुपये मोजून घेतलेली लिटरभर पाण्याची बाटली असते. उन्हाळ्यात हीच बाटली एसटीत, शेताच्या बांधावर, बाजारात आणि लग्नाच्या मांडवात दिसते. विकतची बाटली खरेच जास्त सुरक्षित असते का? घरून स्टीलची बाटली न्यायची तर त्यात कोणते पाणी भरायचे? रिकामी बाटली पुन्हा भरावी का?

प्रश्न बाटलीचा की पाण्याचा?

बाजारात गेल्यावर चर्चा बाटलीची होते. स्टील की प्लास्टिक, तांब्याची की काचेची, थंड राहणारी की साधी, असे पर्याय समोर येतात. पण आजारी पाडते किंवा निरोगी ठेवते ते मुख्यतः आतले पाणी. उत्तम प्रतीच्या स्टीलच्या बाटलीत दूषित आडाचे पाणी भरले, तर बाटली ते शुद्ध करत नाही. उलट नळाला चांगले, क्लोरीन असलेले पाणी येत असेल, तर त्याच्याऐवजी रोज विकतची बाटली घेऊन आरोग्याचा वेगळा फायदा मिळत नाही. म्हणून आधी घरचे पाणी तपासायचे आणि मग बाटली निवडायची. हा क्रम उलटा झाला की एकतर पैसे वाया जातात किंवा पोट बिघडते.

धरण शेजारी आहे, मग पाणी थेट का भरू नये?

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगांतून निघून मराठवाड्यातून वाहत येते. येलदरीला ती अडवली आहे. खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे आणि पुढे ही नदी गोदावरीला मिळते. १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या पूर्णा प्रकल्पाचे पाणी शेतीला जाते, येलदरीला त्यावर २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजनिर्मिती केंद्र आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या योजनाही याच साठ्यावर अवलंबून आहेत.

मात्र जलाशयातले पाणी म्हणजे कच्चे पाणी. वरच्या भागातली गावे, शेते आणि ओढे यांतून येणारे सगळे त्यात मिसळते. पावसाळ्यात गाळ येतो, खतांचे व फवारणीचे अंश येतात, जनावरांची आणि माणसांची घाण येते. दिसायला निवळशंख असलेल्या पाण्यातही जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू असू शकतात. जलशुद्धीकरण केंद्रात या पाण्यात आधी तुरटी घालून गाळ खाली बसवतात. मग ते वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. यातला क्लोरीनचा टप्पा सर्वात महत्त्वाचा, कारण तो पाइपातून जाणाऱ्या पाण्यालाही राखतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. पाण्याला येणारा हलका वास म्हणूनच घाबरण्याचा नसतो. भांड्यात काही वेळ उघडे ठेवले की तो बराच कमी होतो.

सहलीला आलेल्यांनी धरणाच्या कडेला बाटली बुडवून भरणे हा म्हणूनच सर्वात वाईट पर्याय ठरतो, मग ती बाटली कोणतीही असो.

गावच्या नळाचे पाणी भरण्याजोगे आहे, हे कसे ओळखायचे?

महाराष्ट्रात यासाठी एक व्यवस्था आहे, पण तिची माहिती फार थोडे जण विचारतात. प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘जलसुरक्षक’ नेमलेला असतो. पाण्यात ब्लिचिंग पावडर नियमित टाकणे आणि तपासणीसाठी नमुने पाठवणे हे त्याचे काम. गावातल्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे धोका जास्त, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड मिळवणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामपंचायत कार्यालयात किंवा ग्रामसभेत विचारता येते.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे सूत्र. गावात किट देऊन प्राथमिक तपासणी करण्याची सोयही याच योजनेत आहे. पण नळ जोडला म्हणजे पाण्याचा दर्जा आपोआप सुधारत नाही. योजनेचा स्रोत बोअरवेल असेल तर चित्र बदलते.

बोअरच्या पाण्यात दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला जंतूंचा. तो उकळून किंवा क्लोरीनने सुटतो. पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे. क्लोरीनचे द्रावण वापरायचे असेल तर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे मात्रा घालून अर्धा तास थांबावे. दुसरा प्रश्न पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, नायट्रेटचा आणि फ्लोराइडचा. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. हे घटक उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. लहान बाळांसाठी जास्त नायट्रेट घातक ठरू शकते. म्हणून बोअरचे पाणी रोजच्या पिण्यात असेल, तर त्याची रासायनिक तपासणी एकदा तरी करून घेणे हा बाटली घेण्याआधीचा खर्च आहे.

विकतच्या सीलबंद बाटलीत नेमके काय मिळते?

भारतात बाटलीबंद पाण्याची सुरुवात १९६५ मध्ये बिसलेरीने केली. तेव्हा ती मोठ्या हॉटेलांतली वस्तू होती. आज ती पानटपरीवर मिळते. या बाटल्यांपैकी बहुतेकांत ‘मिनरल वॉटर’ नसते, बोलीभाषेत आपण तसे म्हणत असलो तरी. नैसर्गिक झऱ्याच्या पाण्यासाठी आयएस १३४२८ हे वेगळे मानक आहे. आपण घेतो ते ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’. त्याचे मानक आयएस १४५४३. म्हणजे बोअरचे किंवा नळाचेच पाणी गाळून, बहुधा आरओतून काढून, जंतू मारून भरलेले.

२००१ पासून या पाण्यावर आयएसआय खूण बंधनकारक होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही सक्ती काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाटलीबंद पाण्याला ‘अतिजोखमीच्या’ खाद्यपदार्थांच्या गटात टाकले. त्यामुळे प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक प्रत्येक बाटलीवर असायलाच हवा. आयएसआय खूण असेल तर तिच्यासोबत छापलेला परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येते.

बाटली घेताना चार गोष्टी पाहाव्यात. झाकणाची कडी फुटलेली नसावी. भरल्याची तारीख आणि मुदत वाचता यावी. परवाना क्रमांक असावा. आणि नावाजलेल्या नावाशी मिळतेजुळते, एखादे अक्षर बदललेले नाव नसावे. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा ‘कूलिंगचे’ म्हणून जास्त पैसे मागणे नियमात बसत नाही.

घरोघरी आणि कार्यालयांत येणारा वीस लिटरचा थंड पाण्याचा जार हा मात्र वेगळा विषय. झाकण सीलबंद नसलेला, रोज तोच भरून येणारा जार ‘पॅकबंद पाणी’ या व्याख्येत बसत नाही. त्यावर ना तारीख असते, ना तपासणीचा आकडा. पाणी थंड आहे याचा अर्थ ते शुद्ध आहे असा होत नाही. जार देणाऱ्याकडे पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल मागणे आणि जार आतून कधी व कसा धुतात हे विचारणे, हा ग्राहकाचा साधा हक्क आहे.

उन्हात तापलेल्या बाटलीतले पाणी घातक असते का?

परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत तापमान त्याहून खूप वाढते. त्यामुळे ‘तापलेल्या बाटलीतून विष उतरते’ असे संदेश दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतात.

विकतची बाटली ‘पेट’ या प्लास्टिकची असते. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. ज्या बिस्फेनॉल-ए या रसायनाविषयी जास्त बोलले जाते, ते पेटमध्ये वापरत नाहीत. ते पॉलिकार्बोनेटमध्ये असते. वीस लिटरचे जुने कडक निळे जार बरेचदा या प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्या तळाशी ७ हा आकडा दिसतो. पेट तयार करताना अँटिमनीचे संयुग वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरू शकतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात, ६० अंश तापमानात ठेवलेल्या बाटलीतले अँटिमनी तिथल्या मर्यादेपर्यंत पोहोचायला १७६ दिवस लागतील असे दिसले. ८५ अंशांना मात्र दीड दिवसाच्या आतच. म्हणजे दुपारभर गाडीत राहिलेली बाटली प्याल्याने विषबाधा होत नाही. पण महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुकानाबाहेर उन्हात रचलेली खोकी टाळावीत आणि पेटच्या बाटलीत गरम पाणी किंवा चहा कधीच भरू नये.

दुसरी चिंता सूक्ष्म प्लास्टिकची. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण आढळले. त्यातले सुमारे ९० टक्के अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो आकाराचे. त्याआधी २०१८ मध्ये भारतासह नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यातल्या ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे कण होते. काही कण पाण्यातून येतात, काही गाळण यंत्रातून, तर काही झाकण फिरवताना घासून पडतात. हे कण शरीरात नेमके काय करतात याचे संशोधन सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, ठोस निष्कर्षासाठी पुरावा अपुरा असल्याचे सांगितले होते. नळाच्या पाण्यातही असे कण असतात. त्यामुळे केवळ या भीतीने गढूळ आडाचे पाणी पिणे हा शहाणपणा नाही. जुलाबाचा धोका आजचा आणि ठरलेला आहे.

विकतची बाटली धुऊन पुन्हा भरली तर?

बहुतेक घरांच्या फ्रिजमध्ये थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरलेल्या असतात. एकदोनदा असे केल्याने लगेच अपाय होत नाही. अडचण वेगळी आहे. या बाटलीचे तोंड अरुंद असते, आत ब्रश जात नाही, गरम पाण्याने ती आकसते. तोंड लावून प्याल्यावर तोंडातले जंतू आत जातात, उष्णतेत वाढतात आणि बाटलीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर बसतो. चुरगळून आणि घासून चरे पडले की तो थर निघत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला महिनाभर तीच बाटली देणे म्हणूनच टाळावे.

खेड्यात यापेक्षा गंभीर धोका आहे तो फवारणीच्या औषधाचा. मोठ्या डब्यातले कीटकनाशक किंवा तणनाशक थोडेसे काढून पाण्याच्या वा थंड पेयाच्या बाटलीत ठेवले जाते. रंगावरून ते ओळखू येत नाही आणि तहानलेले लहान मूल किंवा मजूर ते तोंडाला लावतो. औषध मूळ डब्यातून कधीही काढून ठेवू नये. रिकामी पाण्याची बाटली घरात, गोठ्यात, शेतातल्या कोठीत पडू न देणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

घरून न्यायची तर कोणती बाटली?

पुन्हा वापरायची बाटली महाराष्ट्राला नवी नाही. प्रवासाला निघताना पितळेचा फिरकीचा तांब्या सोबत असे. ट्रक आणि जीपच्या बाजूला जाड कापडाची छागल लटकलेली असे. तिच्या ओल्या कापडातून पाणी झिरपून वाळे आणि आतले पाणी गार राही. माठाचेही तत्त्व हेच. बाटली विकत घेऊन फेकून देण्याची सवय गेल्या तीसेक वर्षांतली आहे.

आजच्या पर्यायांत रोजच्या वापरासाठी साधी, एकपदरी स्टीलची बाटली सर्वात सोपी. ती पडली तरी फुटत नाही, गरम पाण्याने धुता येते आणि वास धरत नाही. ३०४ या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून ते गंजत नाही. थंड ठेवणारी दुपदरी बाटली जड आणि महाग असते. दिवसभर उन्हात काम करणाऱ्याला तिचा उपयोग होतो, कार्यालयात बसणाऱ्याला तिची तेवढी गरज नसते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्टील, तांबे आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक लागू करणारा आदेश काढला. त्यामुळे घेताना आयएसआय खूण पाहावी.

तांब्याच्या बाटलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे. पण त्यामुळे गढूळ पाणी पिण्याजोगे होत नाही. या बाटलीत ताक, लिंबूपाणी, सरबत कधीही भरू नये. आंबट पदार्थात तांबे विरघळते, मळमळ आणि उलट्या होतात. प्लास्टिकचीच हवी असेल तर तळाशी ५ आकडा असलेली, रुंद तोंडाची, जाड बाटली घ्यावी. चरे पडले किंवा रंग उतरला की ती बदलावी.

कोणतीही घेतली तरी तोंड एवढे रुंद हवे की हात किंवा ब्रश आत जाईल. रोज साबणाने धुवावी. झाकणातली रबरी चकती काढून धुवावी, कारण काळी बुरशी तिथेच धरते. रात्री बाटली पालथी ठेवून कोरडी होऊ द्यावी. वास येत असेल तर खाण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी काही तास ठेवून धुवावे.

एक लिटर पुरते का?

घरात किंवा सावलीत असलेल्या प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन लिटर पाणी लागते. उन्हात श्रम करणाऱ्याचे गणित निराळे. उन्हातल्या कामासाठी अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा सल्ला दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, पाणी पिण्याचा आहे. तासाला ते पाऊण ते एक लिटर होते. एका तासात दीड लिटरपर्यंत पाणी जाऊ देऊ नये, असेही ती सांगते, कारण एकदम जास्त पाण्याने शरीरातले मीठ पातळ होते. कापूस वेचणारी बाई किंवा रस्त्याच्या कामावरचा मजूर चार तास उन्हात असेल, तर लिटरची एक बाटली त्याला तास-सव्वा तासच पुरेल. तिथे बाटलीपेक्षा पाच-दहा लिटरचा झाकणाचा कॅन, सोबत वेगळा पेला आणि सावलीची जागा हे जास्त महत्त्वाचे. घाम जास्त येत असेल तर ताक, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएसही हवे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खर्चाचा हिशेब कसा बसतो?

बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वे स्थानकांवरच्या ‘रेल नीर’च्या लिटरच्या बाटलीची किंमत १५ वरून १४ रुपये झाली. बाहेरच्या दुकानात मात्र लिटरमागे वीसच्या आसपास रुपये पडतात असे धरू. रोज एक बाटली घेणाऱ्याचा वर्षाचा खर्च ७,३०० रुपये. चार जणांच्या कुटुंबाने उन्हाळ्याचे १२० दिवस प्रत्येकी रोज एक बाटली घेतली तर ९,६०० रुपये. चारशे रुपयांची स्टीलची बाटली वीस दिवसांत वसूल होते आणि नीट वापरली तर कित्येक वर्षे टिकते. घरच्या पाण्यावर आरओ किंवा साधा गाळण लावावा लागला, तर त्याचा देखभालखर्च यात धरायला हवा. तरीही चार जणांच्या घरात हिशेब बहुधा घरच्या पाण्याच्याच बाजूने जातो.

रिकाम्या बाटलीचे पुढे काय होते?

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीत पेटच्या बाटल्या परत घेण्याची तरतूद होती. लिटरच्या बाटलीवर एक रुपया आणि लहान बाटलीवर दोन रुपये परत मिळावेत, अशी ती योजना. दुकानांच्या पातळीवर ती रुजली नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरील बंदीत प्लास्टिकचे पेले, ताटल्या, स्ट्रॉ आहेत, पाण्याची बाटली नाही. तिच्यासाठी उत्पादकाची जबाबदारी हा मार्ग निवडला आहे. जेवढे प्लास्टिक बाजारात आणले, तेवढे गोळा करून पुनर्वापराला पाठवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. नव्या बाटलीत जुने प्लास्टिक मिसळण्याचे प्रमाण २०२५-२६ पासून ३० टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे उद्दिष्टही नियमांत आहे.

पेटला भंगारात भाव असतो. त्यामुळे शहरात या बाटल्या बऱ्याच प्रमाणात वेचल्या जातात आणि त्यांचा धागा बनतो. खेड्यात आणि सहलीच्या ठिकाणी चित्र वेगळे. भंगारवाला रोज येत नाही, घंटागाडी नसते. बाटल्या उकिरड्यावर जातात, कचऱ्यासोबत पेटवल्या जातात किंवा ओढ्यात पडतात. धरणाच्या वरच्या बाजूला टाकलेली बाटली पहिल्या मोठ्या पावसात जलाशयात येते आणि ज्या साठ्यातून नळाला पाणी येते त्यातच झिजत राहते.

सर्वात मोठी उधळण लग्नात होते. ताटापाशी ठेवलेली २०० मिलिलिटरची बाटली अनेकदा अर्धी पिऊन तशीच राहते. हजार पाहुण्यांना दोन-दोन बाटल्या म्हटल्या तर दोन हजार बाटल्या एका दिवसात. त्याऐवजी तपासलेल्या पाण्याची टाकी किंवा सीलबंद मोठे जार आणि धुतलेले स्टीलचे पेले ठेवले, तर पाणीही वाचते आणि दुसऱ्या दिवशीचा कचराही.

वापरलेली विकतची बाटली टाकताना झाकण काढून चुरगळावी. त्यामुळे ती पुन्हा भरून नवी म्हणून विकता येत नाही.

मग कोणी, कधी काय निवडावे?

गावाला हिरवे कार्ड असेल, नळाला क्लोरीनयुक्त पाणी येत असेल, तर रोजच्यासाठी घरून भरलेली स्टीलची बाटली. शाळेची मुले, नोकरदार, एसटीने रोज ये-जा करणारे यांना हाच पर्याय योग्य.

लाल किंवा पिवळे कार्ड, पुरानंतरचे दिवस, फुटलेली पाइपलाइन, गावात जुलाबाची साथ अशा वेळी उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणीच बाटलीत भरावे. ते शक्य नसेल तर सीलबंद बाटली खुशाल घ्यावी. तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस सोबत असताना अनोळखी ठिकाणी सीलबंद पाणी घेण्यात काही चूक नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत साठवणीची स्वच्छ, झाकणाची भांडी बाटलीपेक्षा जास्त मोलाची ठरतात.

शेतात आणि कामावर मोठा कॅन आणि वेगळा पेला. सहलीला माणशी भरलेली एक बाटली आणि गाडीत पाच लिटरचा राखीव कॅन. रिकाम्या बाटल्या परत न्यायला एक पिशवीही.

बाटली घरून नेणाऱ्याला वाटेत ती पुन्हा भरायला जागा मात्र हवी. बस थांबे, आठवडी बाजार, शाळा, आरोग्य उपकेंद्रे आणि येलदरीसारख्या गर्दीच्या ठिकाणी तपासलेल्या पाण्याचा नळ असेल तरच रिकामी झालेली स्टीलची बाटली दुपारी उपयोगी पडेल. नाही तर माणूस पुन्हा टपरीकडेच वळेल. उन्हाळ्यात गावोगाव लागणाऱ्या पाणपोया हे काम पूर्वीपासून करत आल्या आहेत. त्यातल्या रांजणांना झाकण, बुडवायच्या तांब्याऐवजी तोटी, आणि पाण्यात क्लोरीन रोज तपासून त्याची नोंद लावलेली एक पाटी, एवढे केले तर तिथे बाटली निर्धास्तपणे भरता येईल. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून हे करून घेण्याचा विषय येत्या ग्रामसभेत मांडता येण्यासारखा आहे.